सात किलो शंभर

आषाढ निम्मा सरला तरी करंजओढ्यावरचं आभाळ उघडलं नव्हतं. पन्हाळ्याच्या अंगाचा डोंगर आठ दिवस कुणाला दिसला नव्हता. सरपंच हंबीररावांच्या ओढ्याकडच्या खाचरात बारा बायका एका रांगेत वाकून भाताचं रोप लावत होत्या. त्या रांगेत डावीकडून चौथी मोना. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ, पिंढऱ्या चिखलात गेलेल्या. डाव्या हातात रोपाची मूठ धरायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी चार काड्या उचलायच्या, खुपसायच्या, मागं सरायचं.

उचगावात वाढलेली, बी.कॉम. झालेली, लग्नाआधी शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी ही पोरगी पहिल्या वर्षी या चिखलात दोनदा आडवी झाली होती. आता तिसरं वर्ष. हात चालत होता. पण डोकं घरी होतं. नऊच्या सुमाराला तिचा ऊर दाटून यायचा, शर्ट ओला व्हायचा आणि घरी पोर रडत असणार हे न सांगता कळायचं. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत असं होतं. आता ऊर दाटतच नव्हता. दिवसभर पाण्यात वाकून अंगावरचं दूध आटलं होतं, आणि ते कुणाला सांगावं हेही तिला कळत नव्हतं.

बांधावर छत्री दिसली. हंबीरराव आले.

"बायानू, ऐका जरा. गुरुवारी माघातल्या त्या पाहणीचं पावणं येणार हायत. दिल्लीचं एक, पुण्याच्या एक मॅडम, आणि एक बाई तर पार इटलीहून."

"इटलीत काय खात्यात वो आबा?" बायडाक्कानं मान वर न करताच विचारलं.

"शेवया."

"मग आमच्यातल्या द्या की बांधून. दोन डबं भरून पडल्यात."

रांग हसली. हंबीररावही हसले. माणूस तसा वाईट नव्हता. वाडीला दिवसातनं दोनदा एसटी यायची ती त्यांच्याच खटपटीनं. "हसा, हसा. पण गुरुवारी बोर्ड लागणार हाय. अन्नसुरक्षित गाव. अख्ख्या जिल्ह्यात पयला आपला. बोर्डामागनं भाताची गिरण येणार, गोडाऊन येणार. भात घेऊन बाजारभोगावला जायला नको. तेवढं त्यांच्या म्होरं नीट वागा."

मग ते मोनाच्या बाजूला बांधावरून चालत आले. "उदयसिंहाची गं तू. तू असं कर, उचगावला जाऊन ये. आईला भेट. पोरीला घिऊन जा. गुरुवार सरला की ये."

बारा बायकांचे हात एका दमात थांबले.

करंजओढ्यात लावणीला पैशानं माणूस लावत नाहीत. इथं पैरा चालतो. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. ज्या घरानं जितके दिवस वाकून दिले तितके दिवस त्याच्या रानात बायका वाकणार. लावणीच्या हंगामात सुनेनं माहेरी जायचं हे कुणी ऐकलं नव्हतं.

"आणि पैरा?" मोना म्हणाली. "आमचं वीस गुंठं शुक्रवारी ठरलंय. मी नऊ दिवस दिल्यात."

"त्याची काळजी करू नको. शुक्रवारी बारा बायका तुझ्या रानात. माझा शब्द."

ते गेले. बायडाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नशीब काढलंस गं. माझा बा लावणीत गेला. माती दिली आणि दुसऱ्या दिवशी मी चिखलात होतो."

मोनाला आनंद झाला. आईच्या हातची भाकरी, कोरडं अंथरूण, पोरीला मांडीवर घेऊन दिवसभर बसणं. एक मूठ लावून संपेपर्यंत तो आनंद टिकला. दुसरी मूठ सोडताना तिच्या मनात आलं, हा माणूस पोरीला घेऊन जा असं आवर्जून का म्हणाला?

*

सांजच्याला ती घरी आली तेव्हा उर्वी सोप्यात पोत्यावर बसली होती. दीड वर्षाची पोर, पण कुणीही दहा महिन्यांची म्हटली असती. पुढ्यात बशीत चहा आणि त्यात विरघळलेली खारी. सासू धोंडुबाई गोठ्यात पाटीत आंबोण कालवत होती. सरकी, भुसा, आणि त्यावर एक निळं पाकीट फाडून ओतलेलं पिवळं पीठ.

ते पाकीट अंगणवाडीचं होतं. बाळांसाठी घरी देतात ते. शिजवून भरवायचं असतं.

"आत्ती, ते पोरीचं हाय."

"पोरगी थुकतीय ते. वाया घालवू व्हय? म्हशीच्या दुधाला फॅट लागतंय त्यानं."

"दूध तरी ठेवा मग वाटीभर."

"म्हशीचं दूध जड. पोरास्नी बाधतं. उदय लहान असताना एक डाव दिलतं, आठ दिवस हगत होता." धोंडुबाईनं हात पाटीच्या कडेला निपटला. "शिकलीस म्हणून समदं तुलाच कळतंय असं न्हाय."

हे बोलणं महिन्यातून चारदा व्हायचं. धार काढली की किटली थेट डेअरीत. त्या घरात ती रीतच होती, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. सासू दुष्ट नव्हती. ती स्वतःसुद्धा बिनदुधाचा चहा प्यायची.

मोनानं पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांत चिखलानं कातडी फाटली होती, पाणी लागताच झोंबलं. पोरीला उचललं. उर्वीनं छातीशी तोंड नेलं, दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. रडलीही नाही. ते न रडणंच मोनाला सगळ्यात भिववायचं. तिनं आपला अंगठा आणि मधलं बोट पोरीच्या दंडाभोवती धरलं. बोटं एकमेकांवर चढली.

"हंबीरआबा मला उचगावला जा म्हणाल्यात."

"जा की." धोंडुबाई पाटी उचलत म्हणाली. "माझी ना न्हाय."

तीन वर्षांत आत्तीनं "माझी ना न्हाय" हे पहिल्यांदा म्हटलं होतं. मोनानं पोरीला कडेवर घेतलं, वरून खोळ ओढली आणि तशीच बाहेर पडली.

*

अंगणवाडीच्या सेविका शेवंताबाई खिडकीत वाळत घातलेल्या सतरंजीवर हात फिरवून बघत होत्या. सतरंजी ओलीच होती. बावीस वर्षं त्यांनी वाडीतली पोरं मोजली होती. उदयसिंहाचा धाकटा भाऊसुद्धा याच वजनकाट्यावर बसून शाळेत गेला होता.

मोनानं उर्वीला काट्यावर ठेवलं. आकडे हलले, थांबले. सात किलो शंभर ग्रॅम.

"आणि मोबाइलातल्या नोंदीत किती हाय, ताई?"

शेवंताबाई सतरंजीकडं वळल्या. मोनानंच टेबलावरचा फोन उचलला. उर्वीचं नाव हिरव्या रंगात होतं. आठ किलो सहाशे.

"ताई."

"मी लिवलं न्हाय. माझ्याकडनं लिवून घेतलं." शेवंताबाई खाली बसल्या. "चार पोरं लाल हायत वाडीत, वजनानं पार उतरलेली. खरं चढवलं असतं तर एव्हाना इथं केंद्र सुरू झालं असतं. बाल विकास केंद्र. महिनाभर दिवसातनं आठ डाव खायाला घालायचं, औषध, डॉक्टर. तुझी पोर त्यात पयली. पण लाल पोरं असली की बोर्ड मिळत न्हाय. वरनं सांगितलं, जरा सांभाळून घ्या."

"आणि तुम्ही घेतलं."

"घेतलं. नोकरी हाय माझी." त्यांनी मोनाकडे सरळ बघितलं. "पण मला ह्यात अडकवलं कुणी, ठाऊक हाय? माघात पाहणी झाली तवा तू काय सांगितलंस ते आठव. मी वजनाचं तोंड उघडायला गेलो तर वरच्या सायबानं तुझं उत्तर दाखवलं मला. म्हणाला, ही आई स्वतः सांगतीय, पोर रोज दूध-अंडी खातंय. मग तुमचा काटाच बिघडला असंल."

मोनाला जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं.

माघात टॅब घेऊन पाहणीवाला आला होता. सोप्यात बसला होता. धोंडुबाई, बायडाक्का, शेजारच्या दोघी, सगळ्या जमलेल्या. त्यानं आठ प्रश्न वाचले. गेल्या बारा महिन्यांत घरात अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का? पौष्टिक खाता आलं नाही असं झालं का? धोंडुबाई मध्येच म्हणाली होती, "आमच्या कणगीला अजून तळ दिसला न्हाय, लिवून घे." आणि ते खरंच होतं. भात भरपूर होता. मग तो मोनाकडे वळला, काल बाळानं काय काय खाल्लं? टॅबवर चित्रं होती. दूध, अंडं, डाळ, पालेभाजी, फळ. प्रत्येक चित्रावर मोना "हो" म्हणाली.

खोटं बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. तिला फक्त बरोबर उत्तर कुठलं ते माहीत होतं, आणि आयुष्यभर तिनं पेपरात बरोबर उत्तरच लिहिलं होतं. चार बायकांसमोर चुकीचं उत्तर द्यायला तिची जीभ वळली नाही. पाहणीवाला म्हणाला होता, "वा ताई, सगळ्या आयांना असं कळलं तर." त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. पहिला नंबर आल्यासारखं.

"आता खरं चढवा," ती म्हणाली.

"माझ्या एकटीच्या शब्दावर न्हाय चढायचं. गुरुवारी पावण्यांचा स्वतःचा काटा येणार हाय." शेवंताबाईंनी उर्वीला उचलून तिच्या हातात दिलं. "म्हणून तर तुझं माहेर सुचलंय हंबीरआबास्नी."

*

सोमवार उदयसिंहाच्या सुट्टीचा. शिरोलीच्या फाउंड्रीत तो कामाला होता. आला, रात्री जेवायला बसला, आणि ताटावरच विषय निघाला.

"तू उचगावला जा, मोना. चार दिवसांचा प्रश्न हाय."

"आणि चार दिवसांनी पोरगी आठ किलो सहाशे भरणार हाय का?"

"तसं न्हाय. मी डॉक्टरला दावतो की. पगार झाला की कोल्हापुरात नेऊ."

"डॉक्टर काय सांगणार? खायाला घाला म्हणून सांगणार. मागच्या डावाला तेच सांगितलं. घालायचं कुणी? मी सात ते सहा चिखलात. आत्तीस्नी पटत न्हाय. केंद्रात आठ वेळा कुणीतरी हातात वाटी घेऊन बसणार हाय तिच्या म्होरं."

उदयसिंहानं भात चिवडला. "गिरण गेली तर गाव तोंडात शेण घालंल माझ्या. पैरा मोडतील. औतवाला गुंडू बुधवारी चिखल करून देणार हाय आपल्या रानात. चिखल बसला की बोट शिरत न्हाय. तरव्यातलं रोप जून होतंय. वीस गुंठं एकटी लावणार हाईस?"

"लावंन."

"बोलायला सोपं हाय."

"तुम्हाला वाकून बघायचं असलं तर रजा काढा."

धोंडुबाई चुलीपुढून म्हणाली, "पाहुण्याम्होरं घरची लक्तरं वाळत घालायची न्हाईत. एवढंच सांगतो." उदयसिंह मंगळवारी सकाळी सहाच्या एसटीनं गेला. जाताना त्यानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोनाकडे न बघता म्हणाला, "तुला जे करायचं ते कर. मी आडवा येणार न्हाय. पण मला फोनवर सांगू नको."

*

गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात रांगोळी होती. नाचणीच्या आंबिलीचं पातेलं, मोड आलेले मूग, परसातल्या भाज्यांच्या टोपल्या मांडल्या होत्या. भिंतीवर बोर्ड टांगून त्यावर कापड घातलेलं. वाडीतल्या बायका इस्त्रीच्या साड्यांत. धोंडुबाई पुढच्या रांगेत, कारण परसातली भाजी तिच्याइतकी कुणाची नव्हती.

मोना व्हरांड्याच्या पायऱ्या चढली तेव्हा हंबीरराव तिच्याकडे धावल्यासारखे आले आणि हळूच म्हणाले, "अजून गेली न्हाईस?"

"न्हाय."

"एसटी चुकली का?"

"एसटी आली होती. मी बसले न्हाय."

इटलीची बाई उंच, चष्म्याची, पावसाळी बूट काढून सतरंजीवर दिल्लीच्या पाहुण्याशेजारी मांडी घालून बसलेली. तिचं बोलणं पुण्याच्या मॅडम मराठीत सांगत होत्या. जगात कितीतरी ठिकाणी धान्य पिकतं त्याच घरात मूल उपाशी राहतं, म्हणून अशी गावं शोधतोय जिथं तसं होत नाही. बाकीच्यांना दाखवता यावं, कसं केलं. करंजओढ्याची उत्तरं आम्हाला फार चांगली वाटली.

"त्यांतली माझी उत्तरं खोटी आहेत," मोना म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, तेवढाच हाताला उद्योग.

"मॅडम, माघात मला विचारलं होतं, काल बाळानं काय खाल्लं. मी दूध म्हटलं, अंडं म्हटलं, डाळ, भाजी, फळ, सगळं म्हटलं. तिनं चहा आणि खारी खाल्ली होती. आजही तेच खाल्लंय. घरात म्हैस आहे. दूध डेअरीला जातं. अंगणवाडीचं पाकीट येतं, ते म्हशीला जातं. मी दिवसभर रोपाला असते, माझं दूध आटलंय. भात भरपूर आहे आमच्यात, ते खोटं नाही. पण मूल नुसत्या भातानं वाढत नाही हे मला माहीत आहे, आणि माहीत असून मी खोटं लिहून दिलं. तुमचा काटा काढा."

पुण्याच्या मॅडम उर्वीच्या दंडाकडं बघू लागल्या.

"मॅडम, ही घरची भांडणं हायत," हंबीरराव हसत म्हणाले. "सासू-सुनंचं पटत न्हाय. आणि खरं सांगू का, बी.कॉम. झालेल्या बाईचं पोर वाळतंय म्हंजे आईचंच लक्ष न्हाय. मोबाइलात असतात ह्या पोरी."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मोनाचे कान तापले.

"लक्ष कमी पडलं. कबूल आहे," ती म्हणाली. "पण आबा, ह्या पंधरवड्यात मी तीन दिवस तुमच्याच रानात वाकले होते. मोबाइल कुठल्या हातानं धरणार?"

इटलीच्या बाईनं काय चाललंय ते विचारलं. मॅडमनी सांगितलं. मग त्या बाईनं स्वतः उठून पेटीतला काटा काढला, फरशीवर ठेवला, पातळी बघितली. उर्वीला त्यावर बसवलं. सात किलो शंभर. दंडाला मोजायची पट्टी लावली. खूण तांबड्यात गेली.

पुण्याच्या मॅडमनी आकडे दोनदा वाचले. "ही नोंद मी आजच करते. आई काय म्हणते आणि काटा काय म्हणतो, दोन्ही जुळलंय. सोमवारपासून इथं केंद्र सुरू व्हायला हवं." त्यांनी मान वर केली. "आणखी कुणाचं मूल मोजायचं आहे?"

बायडाक्का नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पदर पुढं ओढला, पोरावरून. शेवंताबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या रांगेतून धोंडुबाई उठली. भाजीची टोपली तिथंच ठेवून, कुणाकडे न बघता, खोळ न घेता पावसात चालू लागली. बोर्डावरचं कापड कुणी काढलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी सातला मोना आपल्या रानात उभी होती. चिखल लोण्यासारखा झालेला. रोपं उपटून मुठी बांधून बांधाला लावलेल्या. आठ वाजले. नऊ वाजले. पलीकडच्या खाचरात बायकांची रांग दिसत होती, बायडाक्काचा आवाजसुद्धा येत होता. इकडं कुणी आलं नाही.

तिनं बांधावर आंब्याखाली चार काठ्या रोवून प्लॅस्टिक बांधलं, खाली पोतं, त्यावर पोर. जवळ डबा. सकाळी ती गोठ्यात गेली होती. आत्ती धार काढत असताना किटलीत पेला बुडवून तिनं दूध घेतलं होतं, विचारलं नव्हतं. आत्ती बोलली नव्हती. कालपासून बोललीच नव्हती. घरात दोन चुली असल्यासारखं दोघी जेवल्या होत्या.

मोना चिखलात उतरली आणि एका कोपऱ्यातून सुरू केलं.

बारा बायका असल्या की रांग पुढं सरते, गाणं होतं, टोमणे होतात, पाठ दुखते हे कळत नाही. एकटीला ते सगळं कळतं. तासाभरानं तिनं मागं बघितलं तर अंथरुणाएवढी जागा हिरवी झाली होती. दर अर्ध्या तासानं ती बांधावर यायची, हात धुवायची, पोरीला चार चमचे दूधभात भरवायची, पोर दोन थुंकायची, पुन्हा खाली. वेळ जास्त पोरीकडंच जात होता.

दुपारी बांधावरून कुणीतरी खाली उतरलं. धोंडुबाई. लुगड्याचा ओचा खोचून, डोक्याला पोतं. ती रोपाची मूठ सोडत म्हणाली, "तुझ्यासाठी आलो न्हाय. तरवा माझ्या हातानं टाकलाय."

"व्हय."

"गावात तोंड दावायला जागा ठेवली न्हाईस."

"व्हय."

"व्हय-व्हय करू नको. हात चालव. पातळ लावालीस, आणि मध्ये बेडूक बसंल एवढी जागा सोडलीस."

दोघी सांजपर्यंत वाकल्या. शनिवारीही. म्हातारीचा हात मोनापेक्षा दुप्पट चालायचा, पण दर मुठीला ती गुडघ्यावर हात टेकायची. शनिवारी मोनाच्या तळव्यात कसला तरी काटा मोडला. धोंडुबाईनं तिला बांधावर बसवलं, कानातल्या आकड्यानं काटा काढला, आणि काढता काढता बोलली. "चारचौघांत सांगायचं व्हय गं? म्हशीला पाकीट घालतो म्हणून. इटलीच्या बाईला सांगितलंस."

"खरं हाय ते, आत्ती."

"खरं हाय म्हणूनच लागलं. खोटं असतं तर तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या मी."

*

रविवारी दुपारपर्यंत निम्मं रान झालं. उरलेल्या निम्म्यातला चिखल बसायला लागला होता. बोट खुपसायला जोर लागत होता, नखांच्या कडांतून रक्त येत होतं. आणखी एक दिवस गेला की उरलेलं रान पुन्हा नांगरावं लागलं असतं, आणि तरवा तोवर टिकला नसता.

तेव्हा हंबीरराव आले. एकटे नव्हते. त्यांच्यामागं रस्त्यावर अकरा बायका खोळी घेऊन उभ्या होत्या.

"मोना, वर ये."

ती वर आली नाही. चिखलातच सरळ उभी राहिली. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला.

"मॅडमशी बोललो मी. त्या म्हणाल्या, आईनं स्वतः लिहून दिलं की रागाच्या भरात बोलले, तर फाइल पुन्हा उघडता येईल, वजनबी नव्यानं घेता येईल. एवढी सही कर. अकरा बायका आत्ता उतरतात. चारपर्यंत तुझं रान हिरवं."

"आणि केंद्र?"

"केंद्र कशाला? पोरीचं मी बघतो. माझ्या घरनं दूध धाडतो रोज." त्यांचा आवाज उतरला. "पोरी, गिरण आली तर तुझ्याच भाताला येणार हाय. एका वजनापायी साऱ्या गावाचं मोडू नको. मी हात जोडतो पायजे तर."

त्यांनी खरंच हात जोडले. मोनाला ते सगळ्यात कठीण गेलं. दटावणी असती तर सोपं होतं. तिनं रस्त्यावर बघितलं. बायडाक्का नातवाला कडेवर घेऊन उभी होती. त्या पोराच्या हातापायांच्या काड्या इथून दिसत होत्या. चार लाल पोरांतलं ते एक, हे मोनाला सांगायला नको होतं.

"न्हाय, आबा," ती म्हणाली. "एकदा खोटं लिहून दिलं. दुसऱ्यांदा न्हाय देणार."

"रान वाळंल."

"वाळू दे. पुढल्या आषाढात रान पुन्हा येतंय."

हंबीररावांनी मान हलवली आणि म्हातारीकडं वळले. "म्हातारे, तू तरी सांग हिला. न्हायतर तुझ्या नावाचाबी कागद आणलाय, त्यावर तू अंगठा दे. घरची कर्ती तू हाईस. तुझ्या अंगठ्यानं भागंल."

धोंडुबाईनं हातातली मूठ पाण्यावर ठेवली. सावकाश बांधाशी आली. चिखलाचे हात लुगड्याला पुसले, उजवा अंगठा जरा जास्तच पुसला.

"वाच," धोंडुबाई तिला म्हणाली. "मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय ते मोठ्यानं वाच, त्या बायास्नीबी ऐकू जाऊ दे."

मोनानं कागद घेतला. ओल्या बोटांनी कडा भिजल्या. "आमचे मूल निरोगी असून रोज अर्धा लिटर म्हशीचे दूध घेते. घरगुती वादामुळे माझी सून पाहुण्यांसमोर..."

"थांब. अर्धा लिटर?"

"व्हय."

"कुणाच्या म्हशीचं?"

"आपल्या."

धोंडुबाई हंबीररावांकडं वळली. ते शाळेत जायचे तेव्हापासून ती त्यांना बघत आली होती. त्यांना नावानं हाक मारायचा तिला हक्क होता.

"हंबीरा, म्हैस माझी. धार मी काढतो. माप माझ्या हातात. ह्या पोरीच्या वाटीत मी एक थेंब घातला न्हाय. मला वाटायचं दूध बाधतं, म्हणून घातला न्हाय. चुकलं असंल. पर न्हाय घातला ते न्हाय घातला. आणि तुझा कागद म्हणतोय अर्धा लिटर रोज. मग ते कुणी दिलं? तू येऊन पाजून गेलास?"

"कागदाला तसंच लिवावं लागतंय, म्हातारे."

"लिवा की. तुमचा कागद, तुम्ही लिवा. माझा अंगठा कशाला पायजे?" तिनं मोनाच्या हातातून कागद घेतला आणि घडी न घालता हंबीररावांपुढं धरला. "लिवायचं असलं तर असं लिव. धोंडुबाईनं नातीला दूध घातलं न्हाय आणि पाकीट म्हशीला चारलं. त्याला देतो अंगठा. दोन देतो."

हंबीररावांनी तो घेतला. कागदावर पाऊस पडत होता, शाई पसरत होती. मग ते रस्त्याकडं चालू लागले.

बायका हलल्या नाहीत लगेच. बायडाक्कानं तिथूनच विचारलं, "मग आम्ही जावं का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मोनाला म्हणावंसं वाटलं, उतरा खाली, नऊ दिवस माझे हायत तुमच्याकडं. पण ते मागून घ्यायचं तिच्या मनात येईना.

"जावा," ती म्हणाली. "आणि अक्का, सकाळी आठला शाळेत केंद्र उघडणार हाय. नातवाला घिऊन येणार असलीस तर शेवंताताईला आजच सांग. आठ डावाचं आदण ठेवायचं असतंय."

बायडाक्कानं पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. रांग पांगली, खोळी एकेक करून वळणाआड गेल्या.

आंब्याखाली उर्वी उठली होती आणि प्लॅस्टिकवर पडणाऱ्या थेंबांकडं बघत होती. मोनानं हात धुतले, डबा उघडला.

"तू तिला भरव," धोंडुबाई चिखलात परत उतरत म्हणाली. "मी हिकडचं धरतो. आणि समदं खाईपर्यंत उठू नको. अजून उजेड हाय."